पाणी कुठे मुरते?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घरात साखरेचा हिशेब होतो. करंजीच्या सारणाला किती, चिरोट्यांवर पेरायला किती, शंकरपाळ्यांना किती, आणि ऐन वेळी टपकणाऱ्या पाहुण्यांच्या चहाला किती, हे घरची गृहिणी बोटांवर मोजून सांगते. ती साखर वाण्याकडून येते, वाण्याकडे पेठेतून येते आणि पेठेत कारखान्यातून येते, इथवर आपल्याला ठाऊक असते. कारखान्याच्या मागे ऊस उभा असतो आणि उसाच्या मागे पाणी. तिथवर मात्र आपण सहसा जात नाही. तोटी सोडली की पाणी येते, ह्या समजुतीवरच आपला शहरी जन्म निघून जातो.

आज वाचकांना त्या पाण्याच्या मागून थोडे चालवायचे आहे.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि मधे पिढ्यान् पिढ्यांचा दुष्काळ. पाऊस पडलाच तर वीस इंच. १८७५ च्या मे महिन्यात ह्याच भागातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. इतिहासात ह्याला दख्खनचे दंगे म्हणतात. गंमत अशी की दंगेखोरांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. ज्याला अडाणी कुणबी म्हणून हिणवले जाई, त्याला हे पक्के कळले होते की आपली जमीन गेली ती कागदाच्या वाटेने गेली. हा कागद पुढेही आपल्याला भेटणार आहे.

सुप्याच्या होळीनंतर वर्षभरातच मोठा दुष्काळ पडला, आणि त्यानंतर सरकारने नीरेचे पाणी वळवायचे मनावर घेतले. १८८५ साली वीरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या नीरा डाव्या कालव्यात पाणी खळाळले. वर भाटघरला धरण झाले. शंभरएक मैलांचा हा कालवा बारामतीच्या शिवारातून इंदापुरात शिरतो, आणि एका तालुक्याचे दोन देश करतो. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, केळी, पक्की घरे. वरच्या अंगाला बाजरी, मेंढरे आणि टँकरची वाट. बारामती म्हणजे हिरवेगार नंदनवन अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात एखादा मे महिना काढून पाहावा.

खालच्या अंगालाही सगळेच गोड झाले नाही. पाणी हाताशी आले म्हणून शेतकऱ्याने ते मोकाट सोडले, ते जमिनीत मुरले, आणि खालचे क्षार वर आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे ह्यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली होती. कालवा सुरू होऊन पंचवीसच वर्षे झाली होती, आणि पाणी मुरून जमीन नासू लागली होती.

मराठीत 'पाणी मुरते' ह्याचा दुसराही अर्थ आहे, आणि आजचा विषय तोच आहे.

कालव्यावरची खाबूगिरी कालव्याइतकीच जुनी, किंबहुना त्याहून थोडी थोरली. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा, म्हणजे नीरा कालव्याच्याही आधीचा. त्यात जोतीराव फुल्यांनी पाटबंधारे खात्याच्या अंमलदारांची हजेरी घेतली आहे: पाणीपट्टी चोख वसूल करायची, आणि पाणी वेळेवर मिळते की नाही ह्याची चिंता करायची नाही. शेतकऱ्याला पाण्याची पाळी हवी असते. पाळी देणारा पाटकरी असतो. दारे तासभर उशिरा बंद झाले तर एकाचा ऊस तरतो आणि पुढच्याचा वाळतो. तेव्हा पाटकऱ्याचे हात ओले करायचे. आपल्या भाषेने लाचेला शब्ददेखील पाण्यातलाच शोधला. विश्वेश्वरय्या पुणे जिल्ह्यात कार्यकारी अभियंता होते तेव्हा त्यांनी गटवार पाणी देण्याची पद्धत आखली. पाणी लांबवरच्या गावांनाही मिळावे, उधळपट्टी थांबावी, कोणाला किती हे आधीच ठरलेले असावे, हा तिचा हेतू. कालव्याच्या तोंडाशी बसलेल्यांना ती साहजिकच रुचली नाही.

पाटकऱ्याची चिरीमिरी ही झाली तळातली गोष्ट. वरच्या मजल्यावर काय चाले, ते १८८८ साली साऱ्या पुण्याने पाहिले. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा तेव्हा मध्य विभागाचा कमिशनर. हा मूळचा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर; हुशार, धडाडीचा, आणि हाताने मोकळा तो इतका की सदैव कर्जात. पुणे जिल्हा त्याच्या विभागात होता. इंदापूर आणि भीमथडी हे तालुकेही त्यातच आले (बारामती तेव्हा भीमथडीत मोडे). मामलेदारांच्या बढत्या आणि बदल्या त्याच्या हाती, आणि त्यांचे पैसे हणमंतराव जहागीरदार नावाच्या मध्यस्थाच्या हाती, असा आरोप होता. चौकशी सुरू झाली तेव्हा साहेब वेष पालटून पुण्याहून निसटले आणि मुंबईत पकडले गेले. मग पुण्यात कमिशन बसले. पैसे देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते, म्हणून ते पुढे येऊन खरे बोलले.

निकाल मोठा बोधप्रद लागला. लाच घेतल्याच्या आरोपातून कमिशनने क्रॉफर्डला सोडले. आपल्या हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जे काढल्याचा ठपका तेवढा ठेवला. साहेबांची नोकरी गेली, पण तुरुंग चुकला. पुढे त्यांनी पुण्यातल्या आपल्या भानगडींवर पुस्तकही लिहिले. मध्यस्थ जहागीरदार तुरुंगात गेला. आणि ज्यांना अभय दिले होते त्या मामलेदारांपैकी काहींना 'तुम्ही लाच दिली हे तुम्हीच कबूल केले' म्हणून नोकरीतून काढले. त्यांच्या बाजूने पुण्यात सभा झाली आणि टिळक त्यात पुढे होते. श्रीमंत, शिस्तप्रिय, कायद्याचे राज्य म्हणून मिरवणाऱ्या इंग्लंडची ही आपल्या जिल्ह्यातली करणी आहे. मौज म्हणजे मुंबईतल्या ज्या बाजाराला क्रॉफर्डचे नाव होते, त्याला आता महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आहे. 'असूड' लिहिणाऱ्याने शेवटी पाटी तरी जिंकली. टॅक्सीवाले अजून क्रॉफर्डच म्हणतात, तो भाग वेगळा.

साहेब गेले, स्वराज्य आले, आणि नीरेच्या काठी खरोखर मोठे काम झाले; ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. वालचंदनगरचा खासगी कारखाना इंदापूर तालुक्यात १९३० च्या दशकातच उभा राहिला होता. १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगर इथे शेतकऱ्यांनी स्वतःचे सहकारी कारखाने काढले, आणि पाठोपाठ सोमेश्वरला तिसरा. सावकाराच्या वह्या जाळणाऱ्यांची नातवंडे-पणतवंडे कारखान्याचे सभासद झाली, संचालक झाली, आमदार झाली. शाळा, कॉलेजे, दवाखाने निघाले. पण ह्या यशाला एक अट होती. कारखाना उसावर चालतो, ऊस पाण्यावर चालतो आणि पाणी सरकार सोडते. तेव्हा ज्याच्या हाती सरकार त्याच्या हाती पाणी, ज्याच्या हाती पाणी त्याच्या हाती कारखाना, आणि ज्याच्या हाती कारखाना त्याच्या हाती मते. रहाट फिरू लागला. पाटकऱ्याचे दारे आता मुंबईत मंत्रालयात जाऊन बसले.

१९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. बच्छावत लवादाने कृष्णेच्या खोऱ्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले होते. ते लवकर अडवले नाही तर हातचे जाईल अशी घाई होती. घाई खोटी नव्हती. रोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला. मग विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी खोऱ्यांसाठीही अशीच महामंडळे झाली. पैसा आला, घाई होती, आणि देखरेख ढिली होती. चोराला एवढे पुरते.

आता ह्या व्यवहारात पाणी मुरते कसे ते पाहू. ज्यांनी घर बांधले आहे त्यांना फार समजावून सांगायला नको. कंत्राटदार म्हणतो, दहा लाखांत घर उभे करतो. पाया खणताना म्हणतो, खडक लागला. मग म्हणतो, वाळू लांबून आणावी लागली. मग तुम्हीच म्हणता, जिना जरा रुंद करा. घर वीस लाखांवर जाते. पण तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन उभे राहता, सिमेंटची पोती मोजता आणि भांडता, कारण पैसा तुमचा असतो. धरणाच्या कामावर भांडायला कोणी उभा नसतो. आधी छोटा अंदाज करून मंजुरी घ्यायची, नारळ फोडायचा, कोनशिला बसवायची. काम निघाल्यावर मुरुमाच्या जागी कठीण खडक निघतो, काळी माती दहा मैलांवरून येते, सांडव्याचे संकल्पचित्र बदलते. जमीन संपादन झालेले नसते, म्हणून कालवा मधेच थांबतो. थांबला की दर वाढतात. दर वाढले की 'सुप्रमा' लागते. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. सरकारी कचेऱ्यांतून हा शब्द एखाद्या मुलीच्या नावासारखा लाडाने उच्चारला जातो. एका धरणाला चार-चार सुप्रमा होतात. त्यांतली प्रत्येक वाढ खोटी नसते, हीच खरी अडचण. खऱ्या खडकाच्या आडोशाला खोटा खडक लपतो. शिवाय काम सुरू होण्याआधीच कंत्राटदाराला यंत्रसामग्रीसाठी आगाऊ रक्कम द्यायची सोय असते; ती निविदेत नसतानाही दिली गेल्याचे पुढच्या चौकशांत निघाले.

ह्या सगळ्यात लाच अशी कोणी कोणाला पाकिटात घालून दिलेली दिसत नाही. प्रत्येक कागदावर सही असते, शिक्का असतो, क्रमांक असतो. कागद तपासाल तर सारे कायदेशीर, आणि कालवा पाहाल तर कोरडा.

२०१२ साली हे उघड्यावर आले. विजय पांढरे हे नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेतले मुख्य अभियंता. त्यांनी वरिष्ठांना पत्रे लिहिली: अंदाजपत्रके फुगवलेली, कामे निकृष्ट, उपसा योजना बहुतेक बंद. सरकारी नोकरीत राहून असे पत्र लिहिणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात सरकारी नोकर आहे त्यांना कळेल. त्याच वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून असे दिसले की दहा वर्षांत ओलिताखालच्या क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढले. त्या काळातला खर्च ७० हजार कोटींच्या घरातला. विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ साली काही महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटींवरून सुमारे २६,७२२ कोटींवर गेल्याचे कागद बाहेर आले. १९९९ ते २००९ ह्या काळात हे खाते बारामतीचे आमदार अजित पवार ह्यांच्याकडे होते. त्यांनी सारे आरोप नाकारले, आणि २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि ०.१ टक्क्याचा आकडा चुकीचा ठरवला. डिसेंबरात पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी ती कधीच नीट सांगितली नाही. ७० हजार कोटी हा खर्चाचा आकडा आहे, चोरीचा नव्हे. त्या पैशांत धरणेही झाली, भिंतीही झाल्या. त्यांतले किती मुरले, हे कोणी मोजून सिद्ध केलेले नाही. 'सत्तर हजार कोटींचा घोटाळा' ही घोषणा म्हणून ठीक आहे. पण घोषणेने एक मोठा घोटाळा केला तो असा की मोठ्या आकड्याखाली लहान आणि सिद्ध होण्याजोगे आकडे गाडले गेले.

मग माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाण्याच्या विद्येतला हा मोठा माणूस. स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळालेला. समितीने २०१४ साली अहवाल दिला. नियम कुठे मोडले, मान्यता कशा दिल्या गेल्या, देखरेख कुठे सुटली, हे बारकाईने लिहिले. अमुक मंत्र्याने अमुक पैसे खाल्ले, हे ठरवणे तिचे काम नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या सरकारने लाचलुचपत प्रतिबंधक खात्याला चौकशीची परवानगी दिली. २०१८ च्या नोव्हेंबरात त्या खात्याने नागपूरला उच्च न्यायालयात शपथपत्र दिले की मंत्री म्हणून जबाबदारी पवारांवर येते. २०१९ च्या २३ नोव्हेंबरला भल्या पहाटेच्या सुमारास शपथविधी झाला आणि पवार फडणवीसांसमवेत उपमुख्यमंत्री झाले. २५ तारखेला खात्याने नऊ चौकशा बंद केल्या, आणि त्यांचा पवारांशी संबंध नाही असा खुलासा केला. ते सरकार चार दिवस टिकले. वर्षअखेरीस त्याच खात्याचे नवे शपथपत्र आले: पवारांवर जबाबदारी येत नाही. २०२३ च्या २७ जूनला पंतप्रधानांनी भोपाळच्या भाषणात राष्ट्रवादीच्या घोटाळ्यांचा पाढा वाचला. २ जुलैला पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले, ह्या वेळी पंतप्रधानांच्याच पक्षाबरोबर. ह्यावर टीका करण्याचे काम आम्ही तारखांवर सोडतो.

ही खाबूगिरी आपल्याच काळ्या मातीत उगवते, आणि तिकडे गोऱ्या, श्रीमंत देशांत सगळे धुतल्या तांदळासारखे असते, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी थोडे व्हेनिसला जाऊन येऊ. तिथलाही प्रश्न पाण्याचाच आहे. फरक एवढाच की आपल्याला पाणी आणायचे असते आणि त्यांना थोपवायचे. समुद्राच्या भरतीपासून शहर वाचवण्यासाठी इटलीने २००३ साली 'मोसे' नावाचा प्रकल्प सुरू केला: खाडीच्या तीन तोंडांशी ७८ पोलादी दारे. खर्च पाच अब्ज युरोंच्या वर गेला. सारे काम एकाच कंपन्यांच्या संघाकडे, स्पर्धेची निविदा नाही. ४ जून २०१४ रोजी पोलिसांनी एका दिवसात ३५ जणांना अटक केली. त्यांत व्हेनिसचा महापौर होता. (एका आरोपातून तो निर्दोष सुटला आणि दुसऱ्याची मुदत टळली.) त्या प्रांताचा माजी मुख्याधिकारी जानकार्लो गालान ह्याचेही नाव त्या प्रकरणात होते. त्याने शिक्षा मान्य केली: दोन वर्षे दहा महिने, आणि वर दंड. सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट दुसरीच होती. व्हेनिसमध्ये पाण्यावर देखरेख करणारे एक सरकारी खाते होते, सोळाव्या शतकापासूनचे. त्याच खात्याचे माजी प्रमुख ह्या प्रकरणात पकडले गेले. राखणदारच संघाच्या पगारावर होता. पाचशे वर्षांचे ते खाते सरकारने त्याच वर्षी बंद केले. २०१९ च्या नोव्हेंबरात भरतीचे पाणी १८७ सेंटिमीटर चढले आणि सारे शहर बुडाले, तेव्हा ती दारे अजून चालू व्हायची होती. ती पहिल्यांदा उठली २०२० च्या ऑक्टोबरात.

म्हणजे कागद तिकडेही तसाच वाहतो. पण तिथे एका माजी मुख्याधिकाऱ्याला शिक्षा कबूल करावी लागली, आणि तिही तारीख सांगता येते. आपल्याकडे सांगता येतात त्या शपथविधींच्या तारखा.

आणि पाणी मुरल्याची किंमत कोण देतो? पुण्याच्या वाचकांना २०१८ चा सप्टेंबर आठवत असेल. खडकवासल्याहून थेट इंदापूरपर्यंत जाणारा मुठा उजवा कालवा भर शहरात दत्तवाडीजवळ फुटला आणि गरिबांचे संसार वाहून गेले. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरला, असे मंत्र्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसाहून अधिक माणसे वाहून गेली. त्याही वेळी दुसऱ्या मंत्र्यांनी खेकड्यांचेच नाव घेतले. महाराष्ट्रात खेकड्याला वकील मिळत नाही, म्हणून बरे.

आता पुन्हा इंदापूरला येऊ. २०१३ चा उन्हाळा फार वाईट होता. उजनी धरण इंदापूरच्या दाराशी आहे. त्याच्या पाण्याखाली ह्या तालुक्यातली गावे गेली, पळसदेवचे जुने देऊळ गेले, पण पाण्याचा मोठा हक्कदार सोलापूर. उजनीत पाणी सोडावे म्हणून सोलापूरचा एक शेतकरी कार्यकर्ता मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. त्या एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत अजित पवारांनी त्याची टिंगल केली. धरणात पाणीच नाही तर सोडायचे काय, असे विचारताना त्यांनी जे म्हटले ते बायकामुलांच्या हाती जाणाऱ्या दिवाळी अंकात छापता येण्याजोगे नाही. सभेत हशा पिकला. महाराष्ट्रात मात्र संताप उसळला, पवारांनी माफी मागितली आणि कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवस आत्मक्लेश केला. लोक त्या शब्दांबद्दल अजून बोलतात. आम्हाला त्या शब्दांपेक्षा त्या हशाचे नवल वाटते. हसणारी माणसे दुष्काळी तालुक्यातलीच होती.

ती का हसली, ह्याचे उत्तर नीरा-देवघर धरणात आहे. भोर तालुक्यातल्या ह्या धरणात २००७ पासून पाणी साठू लागले. ते मुख्यतः भोर, खंडाळा, फलटण, माळशिरस ह्या तालुक्यांसाठी. पण धरण झाले आणि कालवे झाले नाहीत. मग साठलेले पाणी करायचे काय? २००७ साली ठरले की त्यातला मोठा वाटा नीरा डाव्या कालव्याला, म्हणजे बारामती-इंदापूरला द्यावा. ठराव दहा वर्षांचा होता. २०१७ च्या एप्रिलात तो संपला. पाणी मात्र येतच राहिले. २०१९ च्या जूनमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या पाठोपाठ, फडणवीस सरकारने ते तोडून उजव्या कालव्याला दिले. फलटण-माळशिरसमध्ये पेढे वाटले गेले असतील. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. सरकार बदलले, आणि २०२० च्या फेब्रुवारीत नवी वाटणी झाली: ५५ टक्के डाव्याला, ४५ टक्के उजव्याला. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला, सोलापूरने आंदोलन केले, आणि महिन्याभरात आदेश मागे घेतला गेला.

ह्यात लाच कुठे आहे? कुठेच नाही. बारामतीच्या ऊसवाल्याने चोरी केलेली नाही. सरकारने सोडलेले पाणी त्याने घेतले. पण ते पाणी हक्काने आले नाही, माणसामुळे आले. माणूस बदलला की ते जाते, हे त्याने २०१९ साली आठ दिवसांत पाहिले. असा शेतकरी आपल्या माणसाची चौकशी मागेल कशाला? सभेत तो हसेल नाही तर काय करील? फलटणच्या शेतकऱ्यानेही दुसरे काही केले नाही. त्याने दुसरा माणूस धरला. मुंबई-पुण्यात बसून आपण म्हणतो, लोक भ्रष्ट माणसांना निवडून कसे देतात? ज्याची पाण्याची पाळी माणसावर ठरते तो माणूसच निवडतो. शहरात आपल्याला वशिल्याची गरज शाळाप्रवेशापुरती आणि दवाखान्यातल्या खाटेपुरती पडते, म्हणून आपली नीती जरा ताठ राहते.

साखर कारखान्यांना कर्जे देणाऱ्या राज्य सहकारी बँकेची कथा इथे विस्ताराने सांगायला जागा नाही. २०११ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या कारवाईने तिचे संचालक मंडळ गेले; २०१९ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितले; पुढच्याच वर्षी पोलिसांनी काही सापडले नाही असा अहवाल दिला. सरकारे बदलत गेली तसा तपास उघडत आणि मिटत गेला. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील हे एके काळी राज्याचे सहकारमंत्री होते. २०१९ साली ते काँग्रेस सोडून भाजपात गेले, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात मावळातल्या एका समारंभात हसत हसत म्हणाले की तिकडे गेल्यापासून झोप शांत लागते, चौकशी वगैरे काही नाही. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे त्यांनी नंतर सांगितले. विनोद असेल, पण श्रोत्यांना तो लगेच कळला, समजावून सांगावा लागला नाही. २०२४ साली तो पक्षही त्यांनी सोडला.

राहता राहिले नीरा-देवघरचे कालवे. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्य मंत्रिमंडळाने त्या प्रकल्पाला आणखी एक सुधारित प्रशासकीय मान्यता दिली: ३,९७६ कोटी ८३ लाख रुपये. त्यातून भोर, खंडाळा, फलटण आणि माळशिरस तालुक्यांना पाणी मिळायचे आहे. धरण भरू लागल्याला तेव्हा सोळावे वर्ष लागले होते.